छपराखालची खोली

३ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता. पण फोन वाजला की तुझा दादा शिलाई मशीनचा स्क्रू दातांत धरून शेजारी येऊन उभा राहतो, आणि हे त्याच्या कानावर इतक्यात जायला नको.

छकुलीला मुलगी झाल्याचं त्याने तुला कळवलंय. "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाला असेल. त्याचं 'ठीक' तुला माहीत आहे. बाळ फार लवकर आलं गं. ओंजळीत मावेल एवढंच आहे, अजून इस्पितळात काचेच्या पेटीत. जावई जहाजावर, उन्हाळ्याआधी परतत नाही. म्हणजे दोघींना इथेच आणायचं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "खोली उबदार हवी आणि कोरडी हवी. कुठे बुरशी असेल तर मी बाळाला घरी सोडणार नाही. या फुप्फुसांना ती सोसणार नाही."

खोली एकच, वरची. तू आलीस की झोपतेस ती. खाली एकीत आम्ही, दुसरीत मशिनींचा पसारा आणि माझं शिवणकाम. वरची खोली थंडीत कशी गारठते ते तू भोगलंयस. म्हणून छकुलीला दिवस गेल्याची बातमी कळली तसा दादा कंबर कसून उभा राहिला. उतरत्या छताच्या फळ्या काढल्या, वाशांच्या मधे ऊब धरणाऱ्या दगडी लोकरीच्या, त्या रॉकवूलच्या गाद्या ठासून भरल्या, त्यावर कौलांच्या बाजूला पाऊस येऊ नये म्हणून प्लास्टिक ठोकलं, वळचणीच्या फटींतून वारा यायचा त्या बोळे कोंबून बंद केल्या आणि फळ्या पुन्हा बसवल्या. खोली काय गरम झाली! मी कौतुकाने शेजारणीला वर नेऊन दाखवली.

आता ती गळतेय. कौलं बदलून झाली, तरी गळतेय. काल तर आभाळ स्वच्छ, कडाक्याची थंडी, पावसाचा टिपूस नाही, आणि सकाळी खाटेवर ओला डाग. कोपऱ्यात काळे ठिपके धरलेत. दादा वर जातो, बघतो, खाली येतो आणि ताट तसंच सारून उठतो. तुला विचारू या म्हटलं तर म्हणाला, "तिला कशाला? एवढंही मला जमत नाही असं कळवायचंय का तिला?"

तू जन्मभर लोकांची छपरं करत आलीस. मला सांग, हे आहे तरी काय?

तुझी वहिनी


९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आत्याआजी! हा शब्द मी इतक्या वेळा मोठ्याने म्हणून पाहिला की घरमालकीण डोकावून गेली, हिला झालं काय म्हणून. बाळाला माझा पापा. काचेवरूनच दे.

दादाला आत्ता काही बोलू नकोस. त्याने जीव तोडून काम केलंय. क्रम कुठेतरी उलटा झालाय असा माझा संशय आहे, पण न बघता मी छपराबद्दल बोलत नाही. तेव्हा तूच माझे डोळे हो. गळणं पावसाने वाढतं की थंडीने, ते लक्षात ठेव. घरातले कपडे कुठे वाळतात? न्हाणीघरातला पंखा वाफ नेमकी कुठे नेऊन टाकतो? पंख्यामागचा पाईप हाताने चाचपडत जा आणि तो जिथे संपतो ते लिही.

आणि एक धाडस कर. दादा घरात नसताना आढ्याजवळची, म्हणजे अगदी वरच्या टोकाची एक फळी सैल कर आणि आत हात घाल. गादी खालून ओली आहे की वरून? बाहेरून गळत असेल तर ओल एका जागी, धारेच्या रेघेत असते. सगळीकडे सारखी असेल तर गोष्ट वेगळी.

मी सध्या कामात बुडालेय, नाहीतर आलेच असते. पत्र मात्र लगेच टाक. खरंच, लगेच टाक.

तुझी खारू


१५ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

दादा एक मशीन पोचवायला गेला आणि मी टेबलावर स्टूल, स्टुलावर मी, हातात पक्कड अशी चढले. शेजारचे सुतारकाका खिडकीतून बघत होते. मी त्यांना गप्प राहायची खूण केली. त्यांनी कपाळाला हात लावला, पण गप्प राहिले.

फळी निघाली. गादी खालून कोरडी ठणठणीत. वरून मात्र पिळून काढावी अशी. आणि त्या प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंबच थेंब, एकाला एक खेटून, उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर दिसतात तसे. मी बोट फिरवलं तर पाणी थेट कोपरापर्यंत ओघळत आलं. ओल सगळीकडे सारखीच आहे. आणि गळतं ते थंडीने. गारठा पडला की दुसऱ्या सकाळी हटकून.

न्हाणीघराचा पाईप चाचपडत गेले. तो भिंतीतून वर जातो आणि आपल्याच छपराच्या पोकळीत तोंड उघडून संपतो. बाहेर जातच नाही! इतकी वर्षं आम्ही अंघोळीची वाफ उचलून डोक्यावर नेऊन ठेवत होतो.

कपड्यांचं म्हणशील तर या थंडीत कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरी मी धुवायला आणि इस्त्रीला घेतेय. जिन्याच्या कठड्यावर वाळत घालते, कारण ऊब वर जाते आणि तिथे त्या लवकर

ताई, लिहिता लिहिताच हात थांबला. ते पाणी माझं आहे का गं? बाळाच्या खाटेवर पडतं ते?

वहिनी


२० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हो, तुझं आहे. दादाच्या चहाचंही आहे, दोघांच्या अंघोळींचं, दोघांच्या झोपेतल्या श्वासांचंही आहे. राहत्या घरात वाफ असणारच. तू कष्टाचं काम घरात करतेस, यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. त्या वाफेला बाहेर जायला वाट नव्हती, एवढीच चूक.

काय होतं ते सांगते. घरातली उबदार दमट हवा फळ्यांच्या सांध्यांतून वर जाते, गादीतून झिरपते आणि थंडगार प्लास्टिकवर जाऊन आदळते. तिथे तिचं पाणी होतं. पूर्वी वळचणीच्या फटींतून वारा आत शिरायचा आणि आढ्यातून बाहेर पडायचा, तो ही ओल घेऊन जायचा. खोली गारठायची, पण लाकूड कोरडं राहायचं. आता वरून झाकण आणि खालून वाफ. बिचारे वासे मधे उकडून निघतायत.

सोबत चित्र काढलंय, नीट जपून ठेव. आधी सगळं उघडायचं. प्लास्टिक काढून टाकायचं, ओल्या गाद्या बाहेर, आणि वासे पूर्ण वाळेपर्यंत कितीही घाई असली तरी थांबायचं. मग कौलांच्या खालच्या जुन्या डांबरी कागदापासून चार बोटं जागा मोकळी सोडायची, वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग. दोन्ही टोकांना तोंड उघडं, फक्त उंदीर-पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी. मग गाद्या. ठासायच्या नाहीत, दाबल्या की त्यांच्यातली ऊब जाते. आणि गाद्यांच्या खाली, खोलीच्या बाजूला, वाफ अडवणारा पडदा. प्रत्येक सांध्यावर, वायर जिथून जाते त्या प्रत्येक भोकाभोवती टेप. सुईच्या टोकाएवढी जागासुद्धा उघडी नको. तुला शिवणीची नजर आहे, हे काम तू दादापेक्षा चांगलं करशील. न्हाणीघराचा पाईप भिंतीतून थेट बाहेर काढा.

दादाला व्याख्यान देऊ नकोस. फळी काढ, त्याला तो थेंबांचा थर दाखव आणि गप्प बस. तो मशिनी उघडणारा माणूस आहे. बघितलं की कळेल त्याला.

खारू


४ डिसेंबर

प्रिय खारूताई,

अगदी तसंच केलं. "जरा फळी धरायला ये," म्हटलं. दादा स्टुलावर चढला, हात घातला, आणि बराच वेळ हात आतच. मग खाली उतरला, खाटेवर बसला आणि म्हणाला, "मी पोरीच्या डोक्यावर झाकण ठेवलं." मी म्हटलं, "उबेसाठी ठेवलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती फळ्या निघण्याच्या आवाजाने.

तेव्हापासून माणसं कशी धावून आली म्हणून सांगू! सुतारकाका न बोलावता आले, हीटर आणि मोठा पंखा घेऊन, "वासे वाळवायचेत ना?" म्हणत. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं त्याचा त्यांनी आता वचपा काढला आणि माझ्या टेबलावरच्या स्टुलाची गोष्ट सगळ्या गल्लीला ऐकवली. लॉजच्या मालकीणबाईंना मी भीत भीत सांगितलं की चादरी आता घरात वाळवता यायच्या नाहीत. म्हणजे काम गेलंच असं धरून चालले होते. तर त्या म्हणाल्या, "आमची बॉयलरची खोली रिकामीच असते, तिथे या, तिथेच वाळवा, तिथेच इस्त्री करा." आता मी तिथे जाते. गरम गरम काम, आणि घर कोरडं.

पण एक वासा खालच्या टोकाला काळा पडलाय. नखाने टोचलं तर मऊ लागतो. दादा म्हणतो चालेल, काका म्हणतात चालणार नाही, आणि माझा धीर सुटतो. दादाला माझा संशयही यायला लागलाय. परवा म्हणाला, "चार बोटं फट हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मासिकात वाचलं. "कुठल्या?" म्हणाला. मी दूध बघायला पळाले.

ताई, मनात येतं ते लिहिते. एका दिवसाचा तर प्रवास. एकदा येऊन तो वासा बघून जा ना. परक्यांच्या छपरांवर रोज चढतेस, आपल्या माणसांसाठी दोन दिवस निघत नाहीत का? पुन्हा वाचलं तर हे वाक्य टोचतंय, पण खोडत नाही.

वहिनी


९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

यायला जमणार नाही. का ते आत्ता विचारू नकोस.

वाशाचं असं करा. मऊ भागात स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. पाव बोटभर जाऊन अडला तर काळं तासून टाका, वाळू द्या, काही बिघडलेलं नाही. त्याहून आत गेला तर काकांचं ऐका. कुजलेलं कापून काढा आणि जुन्या वाशाला नवा वासा खेटवून, चांगल्या लाकडात दूरपर्यंत नेऊन, बोल्टने आवळा. त्याआधी त्या जागी खालून टेकू द्यायला विसरू नका. चित्र मागच्या पानावर आहे.

पडदा लावायला घेतलास की मला लिही. टेप संपत आली तरी लिही. काहीही असलं तरी लिहीत राहा.

खारू


२२ डिसेंबर

प्रिय खारूताई,

आधी कामाचं, कारण तुझा जीव तिथे अडकलेला असणार. वासा काकांनी म्हटल्याप्रमाणेच निघाला. नवा खेटवला, आवळला. वळचण उघडली, जाळ्या बसवल्या. फटीशी उदबत्ती धरली तर धूर सुळकन आत ओढला गेला. काका आणि दादा दोघंही पोरांसारखे टाळ्या पिटायला लागले. गाद्या नव्या घातल्या. पडदा मी लावला, एकटीने. एकेक सांधा दाबून, वायरींभोवती कळीसारख्या चुण्या घालून. माझ्या हातून इतकं सरळ काम कुठल्याही झग्यावर झालेलं नाही.

आता दुसरं. दादाला माझ्या शिवणाच्या डब्यात तुझी चित्रं सापडली. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. पण तो चित्राकडे बघून म्हणाला, "वाशाचं टोक असं कलतं आमची खारच काढते." आणि हसला. म्हणाला, "मग तिला घेऊनच येतो, पडदा तिच्या हातून तपासून घेऊ." तुझी सुट्टी मागायला त्याने तुझ्या मुकादमाला फोन लावला.

मुकादम म्हणाला, "सुट्टी? उन्हाळ्यात शेवाळलेल्या कौलावरून घसरून पडल्यापासून ती अंथरुणातच आहे. पायात सळ्या आहेत. तुम्हाला माहीत नाही?"

दादाने फोन ठेवला आणि वर गेला. बऱ्याच वेळाने मी चहा घेऊन गेले, तर तो अर्ध्या लावलेल्या फळ्यांखाली नुसता बसला होता. म्हणाला, "मी तिच्यापासून एक गळकं छप्पर लपवत होतो. तिने काय लपवलं बघ."

ताई, मी जे वाक्य खोडलं नाही ते आता खोडते. तू का सांगितलं नाहीस? दादा पत्र लिहायला बसतो आणि "प्रिय खारू" लिहून उठतो. कोऱ्या कागदांचा ढीग झालाय.

बाळ पेटीतून बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी नर्सताईला खोली बघायला पाठवलं होतं. तिने दमटपणा मोजायचं यंत्र सकाळपर्यंत ठेवलं, कोपरे हुंगले, आणि विचारलं, "हे काम कुठल्या कंपनीकडून करून घेतलंत?"

तुझी, खूप रागावलेली, वहिनी


२८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

रागाव. तुझा राग मला हवाय.

सांगितलं नाही कारण छकुलीला दिवस गेले होते आणि दादा सगळं टाकून इथे आला असता. मग बाळ लवकर आलं. मग तुझं पत्र आलं, आणि त्यानंतर सांगायचं धाडसच झालं नाही. मला भीती वाटली की तू माझ्या पायाबद्दल लिहायला लागशील आणि छपराबद्दल लिहायचं थांबवशील.

पाय जुळतोय. काठी घेऊन चालता येईल. छपरावर चढायचं नाही, हे डॉक्टरांनी मऊ शब्दांत पण पक्कं सांगितलंय. ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी मी मुकादमाला निरोप पाठवला, माझी हत्यारं घेऊन जा, ज्याला हवी त्याला द्या. पट्टा, हातोडा, गुण्या, सगळं. ती पिशवी दारातून बाहेर गेली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरमालकीण ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. माझ्या खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर दिसतं. मी पडदा ओढून घेतला होता.

आणि तुझं पत्र आलं. गारठा, स्वच्छ आभाळ, खाटेवर ओला डाग. वाचता वाचता मी उठून बसले होते, ते मला नंतर कळलं. वहिनी, तू स्टुलावर चढलीस तेव्हा मी चढले होते. प्लास्टिकवरून बोट फिरवलंस ते पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. चित्र काढायला घडीची पट्टी हवी होती, म्हणून मुकादमाकडून पिशवी परत मागवली. तो स्वतः घेऊन आला, अंथरुणावर पसरलेले तुझ्यासाठीचे कागद बघत उभा राहिला, आणि म्हणाला, "एका शाळेच्या छतालाही असंच पाणी सुटतंय. फोटो आणून दिले तर बघशील?" आता शाळेचं छत माझ्या उशाशी आहे.

तुम्ही सगळे म्हणाल की मी तुमच्या बाळाला खोली दिली. असेल. पण या थंडीत मला उभं राहायला एक छप्पर हवं होतं, आणि ते तू मला दिलंस, पत्रा-पत्राने, वासा-वाशाने. हे उपकार मी कसे फेडू?

दादाला सांग, कोरे कागद पाठवलेस तरी चालतील.

तुझी खारू


१७ जानेवारी

प्रिय खारू,

या वेळी उठायचं नाही असं ठरवून बसलोय.

बाळ घरी आलं. वरच्या खोलीत छकुलीजवळ झोपलंय. बाहेर रात्रभर पाणी गोठत होतं, आत मी सकाळी चारही कोपऱ्यांत हात फिरवला. कोरडे आहेत. श्वास घेताना त्याच्या छातीत आवाज येत नाही. डॉक्टरीणबाईंनी कान लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी त्यांना म्हटलं, छप्पर माझ्या बहिणीने केलंय.

मी तुला विचारायला हवं होतं आणि तू मला सांगायला हवं होतंस. दोघंही एकाच आईची पोरं, दुसरं काय.

डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की मी तुला न्यायला येतोय. तिकीट काढून ठेवलंय, तारीख बदलता येते. तुझी हत्यारांची पिशवी मी उचलेन. शाळेचे फोटोही घे, खिडकीजवळ टेबल मांडलंय.

जिना उभा आहे, हा विचार तुझ्या मनात येईल, म्हणून सांगतो. काकांनी आणि मी दोन्ही बाजूंना नवे कठडे बसवले. त्यांचे आधार लोखंडी, लाकूड तासून गुळगुळीत केलंय, हाताला कुसळ लागायचं नाही. काल मी माझा एक पाय तुझ्या वहिनीच्या ओढणीने वर बांधला आणि काठी घेऊन चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. वहिनी खालच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. छकुली बाळाला घेऊन वर उभी होती.

पडलो नाही. ये.

दादा